जीवरामनं बसमध्ये सांगितलेलं पथ्य

धुरपदाबाईच्या ताटातून पहिल्यांदा गेलं ते केळं.

"केळं थंड राहतं अक्का. वाताले तं भलतंच वाईट," शेजारची झुंबरबाई ओट्यावर टेकता टेकता म्हणाली, आणि धुरपदाबाईच्या हातातलं अर्धवट सोललेलं केळं तिनं सरळ काढून घेतलं. काढून घेतलं आणि वाया जायला नको म्हणून स्वतः खाऊन टाकलं.

यावलकडचं ते गाव. चहूबाजूंनी केळीचे बाग, सावद्याच्या स्टेशनातून वॅगनी भरून दिल्लीला जाणारा माल, घराघरात मागच्या दाराशी लटकलेला पिवळा घड. अशा गावात धुरपदाबाईनं घडाकडे पाठ करून जेवायचं.

केळ्यामागून दही गेलं, ताक गेलं. मग उडीद गेला आणि त्याच्याबरोबर कळण्याची भाकरही गेली, कारण कळण्यात ज्वारीसोबत उडीद दळलेला असतो. तूर वातूळ म्हणून गेली. टमाटे आंबट म्हणून गेले. शेंगदाणे का गेले ते कोणालाच सांगता आलं नाही, पण कुणीतरी कुठंतरी म्हणालं होतं. ताटाचा असा उन्हाळा होत होत शेवटी दोनच वस्तू उरल्या. ज्वारीची भाकर आणि मुगाचं पाणी.

"मुगाचं पानी तरी हाये," सून कुंदा वाटी ठेवताना म्हणायची. बिचारी मनानं चांगली होती. सासूच्या जिवाची काळजी तिच्याइतकी कुणी करत नसेल, आणि सासूचा जीव तिच्याइतका कुणी खात नसेल.

दुखणं श्रावणात सुरू झालं होतं. सकाळी उठावं तर बोटं मिटायलाच तयार नाहीत, जणू रात्रभरात कुणी त्यात काड्या खोचून ठेवल्या. मनगटं सुजलेली, हात लावला तर गरम. दिवस वर आला की थोडी सैल पडायची. पण तोवर चूल पेटलेली, भाकरी थापलेल्या, लुगड्याची गाठसुद्धा सुनेनं मारून दिलेली. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली बाई भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडे अशी बघत बसायची, जसे ते पाहुणे आलेत आणि जायचं नाव घेत नाहीत.

आणि यंदाच हे व्हायचं होतं! धाकटी सुनंदा, धुळ्याला देवपुरात दिलेली, पोटुशी होती. पहिलटकरीण. फाल्गुनात दिवस भरणार. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेरच्या बाळंतपणात मोठा मान एकच. लेकराला पायांवर घेऊन न्हाऊ घालण्याचा. गावातल्या कितीतरी पोरांना धुरपदाबाईनं न्हाऊ घातलं होतं. तेलकट, ओलं, वळवळणारं लेकरू एका हातावर पालथं पेलायचं, दुसऱ्या हातानं पाठ चोळायची, बगलेतून बोटं अशी फिरवायची की त्याला रडायची आठवणच राहू नये. लोक बोलावून न्यायचे तिला. आता स्वतःच्या लेकीचं लेकरू येणार, आणि तिच्या हातून पाण्याचा तांब्या सुटत होता.

"फाल्गुनापावतो माहे हात बरे पाहिजेत," ती ज्याला-त्याला सांगायची. "बाकी काही नही मागत मी."

मग ज्यानं-त्यानं एकेक खाणं बंद करायला सांगायचं.

सुनंदाच्या सासऱ्यांनी, भाईदास व्याह्यांनी, तर सोनगीरच्या बाजूचा भटूबाबा नावाचा एक जडीबुटीवाला गाठून दिला. किल्ल्याच्या पायथ्याशी झोपडी, समोर आग्रा रोडवर ट्रकांची रांग. त्या म्हाताऱ्यानं मनगट दाबून पाहिलं, एक पुडी दिली आणि डोळे मिटून म्हणाला, "बठ्ठं बंद करानं, माय, सगळं. वांगं तं डोयानी बी देखानं नही."

"वांगं?" धुरपदाबाई म्हणाली. "बाबा, भरताचे दिवस येऊन राहिले."

"वांगं म्हनजे वातनी खाण शे."

असं भरीत गेलं. ज्या मुलखात थंडी पडली की माणसं एकमेकांना ख्यालीखुशाली विचारायच्या आधी भरीत कधी करताय ते विचारतात, तिथं.

पुडी संपली. हात होते तिथंच राहिले. उलट आता बसल्या जागेवरून उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, ओटा चढताना धाप लागायची. झुंबरबाईनं नाडी न पाहताच निदान केलं, "वात डोक्यात चढला."

दिवाळीला सुनंदा आली. आईच्या दंडावरची चोळी किती ढिली झालीय ते पाहून तिनं जेवायचं ताटच बाजूला सारलं.

"आबा, मायले जयगावले दाखवा. हाडांच्या डॉक्टरले. नहीतं मी धुळ्याले जातच नही."

पोटुशी लेक अडून बसलीय म्हटल्यावर बापाला, जीवरामला, हलणं भाग होतं. भाऊबीज झाली आणि नवरा-बायको जळगावला निघाले.

डॉक्टर निघाली बाई. तीही तरुण, चष्मा लावणारी. जीवराम दारातच थबकला. डॉक्टरनं धुरपदाबाईच्या बोटांचा एकेक सांधा दाबला, मनगटं फिरवली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली.

"जेवता काय?"

"पथ्य कडक पाळतो आम्ही," जीवराम म्हणाला. "केळं नही, वांगं नही, दही नही, उडीद नही..."

"आबा, मी त्यांना विचारतेय. आणि काय खात नाहीत ते नाही, काय खातात ते."

धुरपदाबाईनं ताट आठवून पाहिलं. सांगायला काही सापडेना.

"भाकर," ती म्हणाली. मग म्हणाली, "मुगाचं पानी."

"मुगाचं पाणी. आणि मूग कोण खातं?"

"मूग... सून खाते."

डॉक्टर हसली नाही. खुर्ची पुढं ओढून ती सांगू लागली. हा संधिवात. शरीरच शरीराच्या सांध्यांवर उलटतं, म्हणून सूज. तुम्ही अमुक खाल्लं म्हणून तो आलेला नाही, आणि तमुक सोडलं म्हणून जाणार नाही. त्याला गोळ्या लागतात, त्या रोज घ्यायच्या, आणि रिकाम्या पोटी कधी नाही. पण तुमच्या अंगात रक्त नाही उरलेलं. दंडाला मांस नाही. सूज उतरेलही, पण उतरल्यावर त्या हातात बळ कुठून येणार?

"म्हणजे काय खाऊ?" धुरपदाबाईनं विचारलं. घाबरत विचारलं, जणू चोरीचं काही विचारतेय.

"सगळं. डाळ पातळ पाणी नाही, घट्ट. मेथी, पालक, पोकळा, जे मिळेल ते. दूध, दही, शेंगदाणे, जवसाची चटणी. तुमच्याकडचं केळं."

"वांगं?"

"खा की. एखादी वस्तू खाल्ली आणि दर वेळी दुखणं वाढलं असं तुम्हाला, तुम्हाला स्वतःला, जाणवलं, तर तेवढी एक सोडा. शेजारीण म्हणते म्हणून नाही."

"फाल्गुनात लेकीचं लेकरू न्हाऊ घालायचं हाये मले."

डॉक्टरनं तिचे हात पुन्हा एकदा हातात घेतले. "शब्द देत नाही. पण रोज गोळ्या आणि रोज पोटभर जेवण, आजपासून, एक दिवस न चुकता, असं असेल तर हात बरेच मोकळे होतील. उद्यापासून म्हणालात तर तेवढं उशिरा."

जीवराम खुर्चीच्या कडेवर बसून होता. आता त्यानं टोपी नीट केली.

"पथ्य काय ते सांगा, बाई."

"पथ्य काही नाही."

"काहीच नही?"

"नाही."

"थोडं तरी? तेल? आंबट?"

"आबा, यांना जेवू घाला."

जीवरामचा चेहरा असा पडला, जसा काट्यावर ठेवलेला घड वजनात हलका निघाल्यावर पडायचा. बाहेर आल्यावर रिक्षात तो मांडीवरच्या गोळ्यांच्या पिशवीकडे बघत बसला. धुरपदाबाई मात्र कितीतरी दिवसांनी रस्त्यावरची माणसं बघत होती. सोन्याच्या दुकानांतली गर्दी, हातगाडीवरचे पेरू. पेरू घ्या म्हणावं असं तिच्या मनात आलं. पण रिक्षा पुढं गेली.

स्टँडवर यावलची बस लागलेली. आत गावचा रुपचंद आधीच खिडकी धरून बसला होता. त्याचा केळीच्या गाड्या भरून देण्याचा धंदा आणि आवाज असा की मागच्या सीटवरचं पुढच्याला ऐकू जावं.

"काय आबा, दाखवलं का वहिनीले? काय म्हने डॉक्टर?"

बसमध्ये गावची चार माणसं होती, सगळ्यांनी माना वळवल्या. जळगावपर्यंत जाऊन, मोठ्या डॉक्टरला दाखवून माणूस रिकाम्या हातानं आला असं कसं सांगायचं?

"पथ्य सांगतलं," जीवराम म्हणाला.

धुरपदाबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"कडक हाये का?"

"कडक म्हंजे! वांगं बंद. केळं बंद."

"देख! भटूबाबानं तेच सांगतलं व्हतं ना!" रुपचंदनं मांडीवर थाप मारली. "शिकेल डॉक्टर बी तेच सांगते. अन् दही?"

"दही बी."

"अहो," धुरपदाबाई हळूच म्हणाली. पदराआडून. "काय बोलून राहिले तुम्ही?"

"चूप बस. घरी बोलू."

"अन् डाळ?" मागून कुणीतरी विचारलं.

आता जीवरामला चांगलीच गती आली होती. "तुरीची नही चालायची. उडीद तं सपशेलच नही. वर्षभर."

गावचे फाटे जवळ येत गेले तसं पथ्य वाढत गेलं. धुरपदाबाई पुढच्या सीटच्या दांड्याला सुजलेले हात टेकून बसली होती. भरल्या बसमध्ये नवऱ्याला खोटं पाडायचं तर आवाज वर काढायला हवा. तिला तो काढता आला नाही. गावी उतरेस्तोवर तिच्या ताटातून जवसाची चटणीही गेली होती, जी आजवर कुणालाच सुचली नव्हती.

घरी आल्यावर तिनं दार लावून घेतलं.

"डॉक्टर खा म्हने. तुम्ही ऐकलं ना तुमच्या कानानं?"

"ऐकलं."

"मंग?"

"अवं, खा कोनी बी सांगीन. त्यासाठी जयगावले जावं लागते का? पथ्य नही सांगत तो कसला डॉक्टर? पोरगीच ती. काल शिकून आली. लोक हासतीन ना आपल्याले."

"लोकांच्या हासन्यापायी मी उपाशी मरू?"

"गोळ्या घेशीन ना तू? मंग झालं तं. पथ्य पाळल्यानं काही वाईट व्हते का कधी?"

तिला संताप आला, पण संतापानं मूठ आवळावी तर मूठही आवळेना.

तिनं सुनेला सांगून पाहिलं. कुंदा भाजी ढवळायची थांबली आणि फार मायेनं म्हणाली, "आत्याबाई, मन व्हते हो. मले समजते. पण आबा खोटं सांगतीन का?" मुलगा गिरधर याहून पुढं गेला. "माय, तुले खावाशी वाटते तं तसं सांग. डॉक्टरच्या नावावर कसाले ढकलते?"

म्हणजे आता ती नुसती आजारी नव्हती, जिभेचे चोचले पुरवायला खोटं बोलणारी म्हातारी होती. भाकरीचा घास तिच्या तोंडात फिरत राहिला. गोळ्या घ्यायची, तर अर्धपोटी घेतलेल्या गोळ्यांनी छातीत आग पडायची. मग ती एखादी टाळायची. टाळली की सकाळी मनगट पुन्हा गरम. झुंबरबाई यायची, हात बघायची आणि डोळे बारीक करून विचारायची, "अक्का, खरं सांग. काय खाल्लं?"

एका दुपारी ती बागेत गेली. घड काढून झालेल्या रांगेत केळ्यांची एक पिकलेली फणी पडून होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. बोटांनी साल निघेना म्हणून दातांनी काढली. पहिलाच घास घेतला तोच बांधावरून आवाज आला.

"अक्का!"

झुंबरबाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती. भारा डोक्यावरच ठेवून ती एवढंच म्हणाली, "आबाले काय वाटीन?" संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक ओट्यावर धुरपदाबाई केळं चोरून खाताना सापडली होती. स्वतःच्या शेतातलं.

त्या रात्री जीवराम जेवताना म्हणाला, "जीभ आवरावं मानसानं." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुढचा घास पाण्याबरोबर गिळला.

मार्गशीर्ष लागला. जीवरामच्या शेतात भावकीचं भरीत ठरलं. विहिरीजवळ पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग पेटवला. त्यात हिरवी पांढुरकी, लहान मुलाच्या डोक्याएवढी वांगी टाकली. सालं काळी पडून फुटली की गरम रस निखाऱ्यांवर चुरचुरत सांडायचा आणि सगळ्या बागेत तो वास भरायचा. सालं काढायची, लाकडी भांड्यात मुसळीनं ठेचायचं, वर लसूण-मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात. दरवर्षी ठेचणाऱ्यांवर ओरडायला धुरपदाबाई लागायची. यंदाही ती होती, एका उलट्या टोपलीवर बसून.

"अरे भुरक्या, पानी निथरू दे आधी! भरीत करून राहिला का कढी?"

पाहुण्यांत देवपूरचे भाईदास व्याही आलेले. पांढरं धोतर, शहरी बोलणं. पुरुषांची पंगत केळीच्या पानांवर बसली. कुंदा पुऱ्या वाढत होती, गिरधर भरीत. भाईदास हात धुऊन आले आणि धुरपदाबाईजवळ थांबले.

"विहीणबाई, तुम्ही बाळंतपणाची काही चिंता करू नका बरं. सगळं देवपूरलाच करतोय आम्ही. दवाखान्यात नावसुद्धा घातलं."

"देवपूरले?"

"आबा बोलले ना दिवाळीनंतर. म्हणाले, तिच्यानं आता लेकरू धरवणार नाही, पथ्यानं अंग पार उतरलंय. तुमच्याकडेच होऊ द्या. आमच्या सौ. घालतील न्हाऊ. तुम्ही आरामात बघायला या."

एवढं बोलून ते पंगतीत जाऊन बसले.

धुरपदाबाई टोपलीवरून उठली. गुडघे करकरले. पंगतीच्या शेवटी एक पान रिकामं होतं, तिथं जाऊन ती बसली. पुरुषांच्या पंगतीत, रुपचंदच्या शेजारी. रुपचंद आपोआप सरकला.

"गिरधर. वाढ."

गिरधर भरताचं भांडं घेऊन उभाच राहिला. कुंदानं तोंडाला पदर लावला.

"माय, बायांची पंगत मागून हाये."

"मले आता भूक लागली. वाढ."

"पथ्य..." झुंबरबाई चुलीपाशी पुटपुटली.

"कोनाचं पथ्य?" धुरपदाबाईचा आवाज आता वर निघाला. बसमध्ये जो निघाला नव्हता तो. "डॉक्टरनं सांगतलं का? इचारा यांनले. समोर बसेल हायेत. वांगं बंद कोन म्हने? डाळ कोनी बंद केली? जवसाची चटनी कोनी?"

"अवं, चार मानसांसमोर कसाले..." जीवराम पानातल्या पुरीकडे बघत म्हणाला.

"बसमधी चार मानसांसमोरच सांगतलं ना तुम्ही? मंग आता बी सांगा. रुपचंदभाऊ, इचारा."

रुपचंदचा हात घासासकट हवेत थांबला होता. "आबा," त्यानं चाचरत विचारलं, "खरं काय म्हने मंग डॉक्टर?"

जीवरामनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"काही नही म्हने."

"काहीच?"

"खा म्हने. सगळं खा म्हने."

मग रुपचंद हसला, आणि त्याच्यामागून सगळी पंगत. धुरपदाबाईला वाटलं, आता जीवरामची खैर नाही. पण रुपचंद डोळे पुसत म्हणाला, "वा रे डॉक्टर! जयगावपावतो बलावलं अन् सांगतलं काय, तं जेवा! आबा, बरं केलं तुम्ही, आपलं पथ्य लावलं ते!"

"बाई डॉक्टर व्हती ना," कुणीतरी म्हणालं. "दुसरं काय सांगीन?"

माणसं पुन्हा पुऱ्यांकडे वळली. धुरपदाबाई त्या हसण्याच्या मधोमध बसून होती. खरं सांगून झालं होतं. सगळ्यांनी ऐकलंही होतं. आणि काही झालं नव्हतं.

"गिरधर," ती म्हणाली, "तुहा हात दुखते का? वाढ ना."

गिरधरनं वाढलं. तिच्या बोटांना पुरी तुटेना, मग तिनं अख्खी पुरी दुमडून भरतात बुडवली आणि खाल्ली. मिरची झणझणीत होती. डोळ्यांतून पाणी आलं, ते मिरचीचंच आहे असं तिनं शेजारच्याला सांगितलं. तो विचारत नव्हता तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात दुखले. रोज दुखत होते तसेच. पण झुंबरबाई दिवस उगवायच्या आत ओट्यावर हजर. "दुखले ना? भरीत!"

"झुंबर, काल तू बी भरीत खाल्लं. तुहे दुखले का?"

"मले कुठं वात हाये?"

"मंग मले वात हाये, भरीत नही. उठ. माही जेवाची वेळ झाली."

त्या दिवसापासून ती स्वतः चुलीपाशी बसू लागली. मुगाचं पाणी आणि मूग वेगळे करायचे नाहीत, हे तिनं कुंदाला हात धरून शिकवलं. घट्ट वरण, मेथी, दह्याची वाटी, भाकरीला जवसाची चटणी, आणि भरल्या पोटी गोळी. कुंदा ताट पुढं ठेवायची ते विषाचं असल्यासारखं. जीवराम जेवताना तिच्या ताटाकडे बघायचा नाही. तिनं दही घेतलं की तो खाकरायचा. संक्रांतीपर्यंत ओटा चढताना धाप लागणं थांबलं. मग एके सकाळी लुगड्याची गाठ तिची तिनं मारली. पण हात सरळ रेषेत बरे होत नव्हते. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी बोटं पुन्हा फुगायची. आणि त्या पाचव्या दिवसाची सगळं घर वाटच पाहत असायचं.

"काल टमाटा खाल्ला व्हता," गिरधर म्हणायचा.

"काल तुह्या बापाशी बोलली मी," ती म्हणायची. "त्यानं दुखले असतीन."

फाल्गुनात देवपूरहून निरोप आला. मुलगी झाली होती.

ती जीवरामबरोबर गेली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटलेली, कोपऱ्यातल्या न्हाणीत पाट मांडलेला. विहीणबाई लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. पांझरा नदीकडून येणारं वारं अडवायला दाराला चादर लावलेली. विहीणबाई भल्या होत्या. धुरपदाबाईला दारात पाहताच त्या म्हणाल्या, "या ना, तुमचाच मान. बसा, मी उठते."

धुरपदाबाई बसली. पाय पसरले. तेल लावलेलं लेकरू तिच्या पिंढऱ्यांवर ठेवलं. गरम, लालबुंद, मुठी आवळलेलं. तिनं उजव्या हाताची बोटं त्याच्या दंडाभोवती घातली. बोटं वळली. बरीच वळली, श्रावणात वळत नव्हती त्याहून पुष्कळ. पण अंगठा येऊन भिडायला हवा तिथं भिडेना. मधे एवढीशी फट राहिली. ओलं लेकरू त्या फटीतून सुटलं असतं.

सुनंदा खाटेवरून मान उंचावून बघत होती. "माय, जमते का?"

कुणी काही म्हणायच्या आत धुरपदाबाईनं लेकरू उचलून विहीणबाईंच्या हातात दिलं. "तुम्हीच घाला. मी पानी टाकते."

तिनं तांब्या भरला. मनगट थरथरलं, पण तांब्या सुटला नाही. पाण्याची धार तिनं हातावर बघितली आणि मग बारीक, सलग, लेकराच्या पाठीवर सोडली. विहीणबाई चोळत होत्या आणि बगलेत बोटं घालायला विसरत होत्या. "बगलेतून," धुरपदाबाई म्हणाली. "अजून वर. हां." बादली रिकामी होईपर्यंत तांब्या तिच्याच हातात होता.

दुपारी जेवायला बसल्यावर जीवरामनं हळूच विचारलं, "जमलं का न्हाऊ घालाले?"

"पानी टाकलं."

"अन् लेकरू?"

"विहीणबाईनं धरलं."

तो घासाशी चाळा करत राहिला. "थोडं राहिलं व्हतं फक्त," तो म्हणाला. "डॉक्टर म्हने ना, हळूहळू व्हईन. पुढच्या लेकराले जमीन तुले."

"दिवाळीपासून खाल्लं असतं तं या लेकरालेच जमलं असतं."

जीवरामनं टोपी नीट केली. मग म्हणाला, "पुढच्या महिन्यात दाखवाचं हाये ना जयगावले? मी येतो संग."

"नको," धुरपदाबाई म्हणाली. "मी एकटी जाते."